कारण सापडेपर्यंत माणसाने थांबायचे का?

२०१५ साली फ्रान्समधील तुलूझ शहरातल्या एका न्यायाधिकरणाने एका बाईंना अपंगत्वाचा भत्ता मंजूर केला. महिन्याला सुमारे ८०० युरो, तीन वर्षांसाठी. बाई पिरेनीजच्या डोंगरात एका जुन्या कोठारात विजेशिवाय राहत होत्या. मोबाइल आणि वायफायच्या लहरींनी आपल्याला असह्य त्रास होतो, गावाशहरात राहून नोकरी करणे अशक्य झाले आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

निकाल जाहीर झाला आणि त्याचे दोन अर्थ लावले गेले. मोबाइल टॉवरविरोधी चळवळींनी म्हटले, लहरी घातक असल्याचे अखेर कोर्टानेच मान्य केले. विज्ञानाच्या बाजूने बोलणाऱ्या अनेकांना वाटले, प्रयोगशाळेत सिद्ध न झालेल्या गोष्टीवर कोर्टाने शिक्का मारला. माझ्या मते दोघांनीही निकाल चुकीचा वाचला. न्यायाधिकरणापुढचा प्रश्न लहरींचा नव्हताच. ही व्यक्ती इतरांसारखी राहू शकते का, कमावू शकते का, एवढाच तो प्रश्न होता. त्याचे उत्तर ‘नाही’ असे मिळाले, म्हणून भत्ता मिळाला.

आजाराचे कारण काय, हे विज्ञानाने ठरवायचे. आजारी माणसाला जगायला काय लागते, हे समाजाने आणि कायद्याने ठरवायचे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत दुसरा अडवून ठेवणे हा अन्याय आहे. आणि दुसऱ्याचे उत्तर मिळाले म्हणून पहिलाही सुटला असे समजणे ही फसगत आहे. वायरलेस लहरी, अत्तरे, रसायने, धूर यांनी ज्यांना त्रास होतो त्यांच्या हक्कांबद्दल बोलताना हे दोन्ही प्रश्न वेगळे ठेवले नाहीत, तर नुकसान त्या माणसांचेच होते.

आधी विज्ञानाची बाजू, काहीही न लपवता. विद्युतचुंबकीय लहरींच्या संवेदनशीलतेवर जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २००५ मध्ये माहितीपत्रक काढले. थकवा, त्वचेची आग, छातीत धडधड, लक्ष न लागणे ही लक्षणे खरी आहेत, काही जणांत ती माणसाला घरी बसवण्याइतकी तीव्र असतात, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मात्र ही लक्षणे लहरींमुळेच होतात याला वैज्ञानिक आधार नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले आहे. या विषयावर चाचण्या भरपूर झाल्या. उपकरण चालू आहे की बंद, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि चाचणी घेणाऱ्यालाही नाही, अशी त्यांची पद्धत. २०१० मध्ये जेम्स रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ४६ प्रयोगांचा आढावा घेतला. त्यांत एकूण ११७५ संवेदनशील व्यक्ती सहभागी झाल्या होत्या. लहर आहे की नाही हे त्यांना ओळखता येते, किंवा खऱ्या लहरीने खोट्या लहरीपेक्षा जास्त त्रास होतो, असा भरवशाचा पुरावा निघाला नाही. उपकरण बंद असतानाही लक्षणे उमटत होती. त्रास होणार या अपेक्षेनेच त्रास होणे, याला वैद्यकात नोसीबो परिणाम म्हणतात. या रुग्णांच्या बाबतीत त्याचा वाटा मोठा असावा, असे दिसते.

ही माहिती गाळून हक्कांची मागणी करणारा लेख मी लिहिणार नाही, कारण अर्धवट माहितीवर उभी केलेली मागणी पहिल्याच उलटतपासणीत कोसळते. पण याच माहितीवरून ‘म्हणजे हे सगळे ढोंग’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी दोन पावले मागे जावे. नोसीबोचे दुखणे हे दुखणेच असते. त्या माणसाचे डोके खरोखर ठणकत असते, झोप खरोखर उडालेली असते, नोकरी खरोखर गेलेली असते. फ्रान्सच्या ‘आन्सेस’ या सरकारी आरोग्य-सुरक्षा संस्थेने चार वर्षांच्या अभ्यासानंतर २०१८ मध्ये अहवाल दिला. लहरींशी कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, असे म्हणून ती संस्था थांबली नाही. या लोकांची वेदना खरी आहे, डॉक्टरांना तिची ओळख करून द्यावी, रुग्णांना योग्य उपचार आणि आधार मिळावा, अशी शिफारस तिने केली. कारण अनिश्चित ठेवून जबाबदारी निश्चित करता येते, हे तिने दाखवून दिले.

वासांची आणि रसायनांची गोष्ट थोडी वेगळी आहे. इथे काही मुद्दे पक्के आहेत, काही वादाचे. उग्र अत्तराने दम्याचा झटका येऊ शकतो, वासाने अर्धशिशी उसळू शकते, हे कोणताही डॉक्टर सांगेल. याउलट, निरनिराळ्या रसायनांच्या अगदी अल्प मात्रेने शरीराच्या अनेक भागांत एकाच वेळी त्रास होतो, त्या अवस्थेबद्दल वैद्यकात एकमत नाही. ‘मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी’ हे तिचे नाव १९८७ साली मार्क कलेन या अमेरिकी डॉक्टरांनी रूढ केले. पुढे जपानने २००९ मध्ये तिला विमा-व्यवस्थेतल्या आजारांच्या नावांत जागा दिली. अनेक देशांनी ती अजून दिलेली नाही. म्हणजे संवेदनशीलता या एकाच शब्दाखाली सिद्ध, अर्धसिद्ध आणि असिद्ध अशा तिन्ही प्रकारच्या तक्रारी येतात. त्यांची सरमिसळ करू नये. पण प्रत्येक तक्रारीमागे एक माणूस आहे, हे तिन्हींत समान आहे.

एकाच हवेत वावरणाऱ्या शंभर जणांपैकी दोघाचौघांनाच त्रास होतो, म्हणून त्यांच्यावर विश्वास बसत नाही. याचे उदाहरण शोधायला फ्रान्सला जायला नको. २०२५ च्या पावसाळ्यात मुंबईत कबुतरखान्यांचा वाद पेटला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, आंदोलने झाली. कबुतरांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीमुळे काही जणांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होतो. शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या धुळीवर अतिरेकी प्रतिक्रिया देते आणि फुप्फुसे हळूहळू निकामी होऊ शकतात. हा आजार वैद्यकात पूर्ण मान्य आहे. तरीही तो त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला होत नाही. ‘आम्ही पिढ्यान्‌पिढ्या दाणे टाकतो, आम्हाला कुठे काय झाले?’ हा युक्तिवाद अशा वेळी हमखास ऐकू येतो. आपल्याला होत नाही म्हणून दुसऱ्याला होत नाही, ही समजूत सिद्ध झालेल्या आजारातही माणसाला एकटे पाडते. मग असिद्ध आजारात ती किती निर्दय होत असेल!

आता कायद्याकडे वळू. अपंगत्व म्हणजे शरीरातला दोष, ही कल्पना जगाने मागे टाकली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात अपंगत्वाची मांडणी वेगळी आहे. माणसातली कमतरता आणि भोवतालचे अडथळे यांच्या गाठीतून अपंगत्व घडते. चाकाची खुर्ची वापरणाऱ्याला पायऱ्या अपंग करतात, उतार केला की तोच माणूस कचेरीत पोचतो. भारताने हा करार २००७ मध्ये स्वीकारला आणि त्याला धरून दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ केला. तो एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या परिशिष्टात २१ प्रकारची अपंगत्वे आहेत. त्या यादीत दमा नाही, अर्धशिशी नाही, रसायनांची किंवा लहरींची संवेदनशीलताही नाही. त्यामुळे अनेक जण, वकीलसुद्धा, इथेच फाइल मिटतात.

ती मिटू नये. याच कायद्याची दिव्यांग व्यक्तीची व्याख्या यादीपेक्षा रुंद आहे. दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची कमतरता असलेली, आणि अडथळ्यांमुळे समाजात इतरांच्या बरोबरीने वावरू न शकणारी व्यक्ती, अशी ती आहे. अडथळ्यांच्या व्याख्येत पर्यावरणीय घटक नावानिशी घातलेले आहेत. आणि वाजवी सोय नाकारणे हा भेदभावच आहे, असेही कायदा म्हणतो. यादी लागते ती आरक्षणासारख्या लाभांसाठी, चाळीस टक्के अपंगत्वाच्या अटीसह. वाजवी सोयीचा हक्क त्याहून व्यापक आहे.

हे माझे स्वप्नरंजन नाही. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये नेमके हेच ठरवले. उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येत. हा विकार यादीत नव्हता, चाळीस टक्क्यांची अटही पुरी होत नव्हती, म्हणून आयोगाने लेखनिक नाकारला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितले की सोय मिळण्यासाठी यादीतले नाव आणि टक्केवारी यांची अट घालता येणार नाही. सवलतीचा गैरवापर होईल, या सरकारच्या भीतीलाही न्यायालयाने नकाराचे कारण मानले नाही. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राला चाळीस टक्क्यांखालील परीक्षार्थींसाठी लेखनिकाचे नियम करावे लागले. वासांनी वा धुराने आजारी पडणाऱ्या माणसासाठी या निकालाने दार उघडले आहे. त्या दारातून आत जाण्याचा प्रयत्न आपल्याकडे फारसा कोणी केलेला नाही.

इतरत्र तो झाला आहे. कॅनडाच्या मानवाधिकार आयोगाने २००७ मध्ये पर्यावरणीय संवेदनशीलता हे अपंगत्व असल्याचे धोरण जाहीर केले आणि मालकांवर सोय करण्याची जबाबदारी टाकली. त्याच देशातल्या हॅलिफॅक्स शहरात एका मोठ्या रुग्णालयातील शेकडो कर्मचाऱ्यांनी इमारतीतील हवेने आजारी पडल्याची तक्रार केली होती. पुढे त्या शहरातील रुग्णालये, शाळा आणि विद्यापीठ यांनी ‘इथे येताना अत्तर लावू नका’ अशी धोरणे केली. अमेरिकेत डेट्रॉइट महापालिकेच्या एका महिला कर्मचाऱ्याला शेजारच्या टेबलावरील अत्तराने श्वास घेणे कठीण होई. त्या कोर्टात गेल्या. २०१० मध्ये एक लाख डॉलर देऊन पालिकेने तडजोड केली आणि आपल्या कचेऱ्यांत अत्तर टाळण्याच्या सूचना लावल्या. झुरिकमध्ये २०१३ साली रसायनांनी त्रास होणाऱ्यांसाठी खास इमारत उभी राहिली. तिचे बांधकाम-साहित्यच त्या दृष्टीने निवडलेले होते.

या उदाहरणांत एक उदाहरण मात्र मला आदर्श वाटत नाही. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियात ग्रीन बँक नावाचे गाव आहे. तिथल्या रेडिओ दुर्बिणीला व्यत्यय नको म्हणून १९५८ पासून सुमारे १३ हजार चौरस मैलांच्या पट्ट्यात रेडिओ प्रक्षेपणांवर निर्बंध आहेत. लहरींनी त्रास होतो म्हणणारे अनेक जण घरदार सोडून तिथे राहायला गेले. त्यांना तिथे बरे वाटले असेल तर आनंदच आहे. पण बरे वाटण्यासाठी गाव, नाती आणि रोजगार सोडावा लागणे हा हक्क नाही. ती हद्दपारी आहे, आणि ती परवडणाऱ्यांनाच जमते. ज्या बाईचे पोट दिवसभर फिनेल आणि ॲसिडने संडास घासण्यावर चालते तिला कोणती दुर्बीण आसरा देणार?

या मागणीवर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप डॉक्टरांचा. सोय दिली की माणसाची समजूत पक्की होते, तो आणखी टाळाटाळ करतो, त्याचे जग आकसते. लहरींच्या बाबतीत या आक्षेपात तथ्य आहे. मानसिक उपचारांनी काहींना फायदा झाल्याचे दिसले आहे, आणि ते उपचार सुचवणे म्हणजे कुणाला वेडे ठरवणे नव्हे. पण उपचार घ्यायला माणूस आधी उभा राहायला हवा. ज्याची चेष्टा होते, ज्याची नोकरी जाते, तो डॉक्टरपासून दूर पळतो आणि लहरी शोषणारी लॉकेटे, मोबाइलवर चिकटवायचे स्टिकर, महागडे पडदे विकणाऱ्यांच्या हाती सापडतो. सन्मानाने वागवलेला रुग्णच उपचारापर्यंत पोचतो. सोय आणि उपचार हातात हात घालून चालू शकतात, चालले पाहिजेत.

दुसरा आक्षेप मर्यादेचा. आज वायफाय बंद करा म्हणतील, उद्या टॉवर पाडा म्हणतील. याचे उत्तर ‘वाजवी’ या शब्दातच आहे. दुसऱ्यावर अवाजवी ओझे टाकणारी सोय कायदा मागत नाही. एखाद्या कर्मचाऱ्याचे टेबल राउटरपासून लांब नेणे, त्याच्या संगणकाला वायरने इंटरनेट जोडणे, त्याला घरून काम करू देणे, हे वाजवी. गावाचा टॉवर उखडणे वाजवी नाही, कारण त्या टॉवरवर इतरांचेही हक्क उभे आहेत. अंध माणूस मोबाइल बोलका करून बस शोधतो. कर्णबधिर मुलगी व्हिडिओवर सांकेतिक भाषेत आईशी बोलते. एका अपंगाची सोय दुसऱ्या अपंगाचा अडथळा होऊ शकते, आणि असा पेच सरसकट बंदीने सुटत नाही, माणसामाणसाचा विचार करून सुटतो.

म्हणूनच टॉवरची लढाई आणि सोयीची लढाई यांची गाठ मारू नये. प्रारणाची मर्यादा किती असावी, हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे. भारताने सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा ठेवली आहे. ती पाळली जाते का, हे विचारण्याचा नागरिकांना पूर्ण अधिकार आहे. पण आपली डोकेदुखी टॉवरने झाली हे सिद्ध केल्याशिवाय सोय मिळणार नाही, अशा कोपऱ्यात रुग्णाने स्वतःला ढकलून घेऊ नये. तो खटला तो बहुधा हरेल, आणि त्यासोबत त्याची वाजवी मागणीही हरेल.

तिसरा आक्षेप ढोंगाचा. काही लोक खोटे बोलतील. बोलतीलही. खोटी प्रमाणपत्रे देऊन अपंगांच्या जागा लाटल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. त्यामुळे खऱ्या अंध माणसाची काठी काढून घ्यावी, असे कोणी म्हटले नाही. शिवाय इथे मागितले जाते आहे ते काय? खिडकीजवळची जागा, वास नसलेले फिनेल, पेस्ट कंट्रोलची दोन दिवस आधी सूचना. यासाठी कोण आयुष्यभर ढोंग करील?

महाराष्ट्रात हे आजही करता येईल. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आणि वॉर्डात अगरबत्ती, धूप आणि एअर फ्रेशनर बंद करायला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरते. पालिकेची धूरफवारणी कोणत्या दिवशी कोणत्या गल्लीत आहे, हे आदल्या दिवशी कळवता येते. गृहनिर्माण सोसायटीला रंगकाम, वाळवीची फवारणी, टाक्यांची सफाई यांच्या तारखा फलकावर लावता येतात, म्हणजे दम्याचे आजोबा त्या दिवशी मुलीकडे जाऊ शकतात. शाळेला एखाद्या मुलाचे बाक प्रयोगशाळेपासून किंवा ताज्या रंगवलेल्या भिंतीपासून दूर ठेवता येते. सफाई कामगारांना उग्र रसायनांऐवजी सौम्य पर्याय आणि नीट मुखपट्टी देता येते. त्यांची फुप्फुसे कोणाच्याही यादीत येण्याची वाट पाहू नये.

आणखी एक मागणी मला या सगळ्यांत मोठी वाटते. रेशनपासून दवाखान्याच्या नंबरापर्यंत सारे काही आता मोबाइलवर, ॲपवर, ओटीपीवर चालले आहे. ज्याला मोबाइल जवळ बाळगणे सोसत नाही, ज्याला तो परवडत नाही, ज्याच्या थरथरत्या हातांना तो चालवता येत नाही, अशा सर्वांसाठी प्रत्येक सार्वजनिक सेवेत एक खिडकी, एक कागदी अर्ज आणि एक बोलणारा माणूस शिल्लक राहिला पाहिजे. ही खिडकी उघडी ठेवण्यासाठी लहरींचा वाद सुटावा लागत नाही. ती संवेदनशील माणसाला जितकी लागते, तितकीच सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला लागते.

संशोधन चालू राहो, आणि त्याचा निकाल जो येईल तो रुग्णांनी आणि चळवळींनी मान्य करावा, मग तो आपल्या समजुतीविरुद्ध का असेना. पण तोवर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांनी स्पष्ट करावे की वाजवी सोयीचा हक्क २१ नावांवर संपत नाही. मालकांनी आणि मुख्याध्यापकांनी ‘तुम्हाला झालंय काय?’ हे विचारण्याआधी ‘तुम्हाला काय लागतं?’ हे विचारावे. आणि तुमच्या घरात, कचेरीत, वाड्यात कोणी म्हणाले की या वासाने मला श्वास घेता येत नाही, तर पुरावा मागण्याआधी ती बाटली बंद करा.